पतीचा पत्ता: वरीलप्रमाणे

मागच्या रविवारी फोनवर तू विचारलंस, "आजी, तिकडे गरीब लोक असतात का गं?" आणि मागून तुझा भाऊ ओरडला, "आयर्लंडमध्ये कुठले गरीब! तिथे गरिबाकडेपण गाडी असते." तुला कॉलेजात परदेशी गेलेल्या आफ्रिकी लोकांच्या गरिबीवर निबंध लिहायचा आहे, ती कमी करायला सरकारं काय काय करतात ते मांडायचं आहे, आणि आजी तिथे आहेच तर तिलाच कामाला लावू असं तू ठरवलंस. मी म्हटलं, लिहून पाठवते. फोनवर सांगण्यासारखं ते नाही. तुझी आई दर दोन मिनिटांनी माझ्या रक्तदाबाची चौकशी करते.

तुझ्या भावाला सांग, हो, गाडी असते. इथे लिमरिकमध्ये गाडीशिवाय पहाटेच्या पाळीला पोचता येत नाही. म्हणून लोक दुपारचं जेवण सोडतात आणि गाडी ठेवतात.

तुम्हा दोघांना माझी नोकरी आठवणार नाही, तुम्ही जन्मलात तेव्हा मी निवृत्त झाले होते. पुण्यात एका सरकारी खात्यात मी गरिबांसाठीच्या योजनांचे अर्ज तपासत असे. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, इंग्रजी पक्कं, अक्षर वळणदार, म्हणून साहेबांची टिपणंही माझ्याकडेच यायची. माझ्या टेबलावरून अपूर्ण अर्ज पुढे गेला असं कधी झालं नाही. रकाना रिकामा दिसला की लाल शाईने 'त्रुटी' असा शेरा मारायचा आणि अर्ज परत द्यायचा. लागू नसेल तर 'लागू नाही' लिहा, पत्ता तोच असेल तर 'वरीलप्रमाणे' लिहा, पण जागा मोकळी सोडू नका, हे मी हजारदा सांगितलं असेल. निरोपसमारंभात माझ्या टापटिपीचं कौतुक झालं, चांदीचा करंडा मिळाला. परत दिलेला अर्ज घेऊन किती बायका गेल्या आणि पुन्हा आल्याच नाहीत, ते मी कधी मोजलं नाही. खात्यानेही नाही.

तुमचे आजोबा गेल्यावर मी इथे तुमच्या मामाकडे आले. दरवर्षी राहण्याची परवानगी वाढवून घ्यावी लागते आणि तिच्यात स्पष्ट लिहिलेलं असतं की मला काम करता येणार नाही. मामा-मामी सकाळी कामाला गेले की घरात मी आणि कपडे वाळवायचं यंत्र. म्हणून दर गुरुवारी मी चर्चमागच्या जुन्या सभागृहात जाऊन बसायला लागले. तिथे लोकांना सरकारी अर्ज भरायला फुकट मदत करतात. मामी ऑफिसला जाताना मला सोडायची, परत मी बसने यायची.

सभागृहात दोन टेबलं. एक माझं. दुसरं एका निवृत्त आयरिश शिक्षिकेचं, जी नवरा, गुडघे आणि सरकार या तिन्हींबद्दल एकाच दमात तक्रार करायची, पण अर्ज पाच मिनिटांत उरकायची. अर्धे रकाने ती तसेच सोडून द्यायची. मला ते बघवत नसे. येणारे बहुतेक आफ्रिकी होते, नायजेरियाचे, काँगोचे, झिंबाब्वेचे. त्यांची मुलं इथेच जन्मलेली, लिमरिकच्या हेलात बोलणारी, पण त्यांनाही सरकारी कार्यालयात खिडकीवरचा माणूस 'मूळचे कुठले' असं विचारायचा. माझ्याकडे रांग हळू सरकायची. तरी जिच्याबद्दल मी लिहिते आहे ती बाई नेहमी माझ्याच रांगेत उभी राहायची.

"ती बाई भराभर करते," ती एकदा म्हणाली. "तुम्ही प्रत्येक ओळ वाचता, ममा."

ती मला ममा म्हणायची. त्यांच्याकडे वयाने मोठ्या बाईला नावाने हाक मारत नाहीत, आपल्यासारखंच. चाळिशी ओलांडलेली, उंच, कायम इस्त्रीचा सदरा. नायजेरियात ती शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. इथे वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळी घालायची. तिची पदवी इथल्या शाळेत चालत नव्हती. ती चालावी म्हणून जी कागदपत्रं हवी होती ती देणारं तिकडचं कार्यालय पत्राला उत्तर देत नव्हतं. तिला तीन मुलं, धाकटी दोन अजून लहान. नवरा तिच्याबरोबर इथे आला आणि धाकट्याच्या जन्मानंतर एक दिवस निघून गेला. कुणी म्हणायचं इंग्लंडला, कुणी म्हणायचं कॅनडाला. घटस्फोट झालेला नव्हता. घटस्फोटाला आधी माणूस सापडावा लागतो.

एकदा तिने माझं ओळखपत्र पाहिलं. "ममा, हे मधलं नाव पुरुषाचं दिसतंय."

मी सांगितलं, "ते माझ्या नवऱ्याचं. आमच्यात लग्न झालं की बाईच्या नावात मधे नवऱ्याचं नाव येतं."

"आणि तो वारला की?"

"तरी राहतं."

ती खूप हसली. "म्हणजे जाऊन पण जात नाही! माझा तर जिवंत असून गेला." मग माझा चेहरा बघून म्हणाली, "सॉरी, ममा." पण मलाही हसू आलं होतं.

आता तुझ्या धोरणाकडे येते. त्या वर्षी शहराच्या कारभाऱ्यांनी आफ्रिकी वंशाच्या रहिवाशांची गरिबी कमी करण्याचा आराखडा करायला घेतला आणि त्यासाठी त्या लोकांचं म्हणणं ऐकायला एक बैठक बोलावली. त्या बाईने मला सोबत नेलं. दारात एका मुलीने माझ्या साडीवर 'समाज प्रतिनिधी' अशी चिकटपट्टी लावली. कुठल्या समाजाची, हे तिने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. आत गोल टेबलं, त्रिकोणी सँडविचं, आणि प्रत्येकापुढे रंगीत चिठ्ठ्यांचे गठ्ठे. अडचणी गुलाबी चिठ्ठीवर लिहायच्या, उपाय हिरव्या.

ती बाई उभी राहिली आणि चिठ्ठी न लिहिता बोलली. वर्गात बोलावं तसं, सावकाश आणि स्पष्ट. ती म्हणाली, "मला पैसे नकोत. इथल्या कॉलेजात प्रयोगशाळा तंत्रज्ञाचा एक वर्षाचा कोर्स आहे, त्यात मला जागा मिळाली आहे. तो झाला की हॉस्पिटलात पक्की नोकरी मिळू शकते. पण तास सकाळी आठला सुरू होतात आणि पाळणाघर नऊला उघडतं, आणि त्याचे पैसे मी कामावर असेन तरच मला परवडतात. मी शिकायला बसले तर पाळणाघर सुटतं. पाळणाघर सुटलं तर शिकता येत नाही. ही एवढी एक गाठ सोडवा. बाकीचं माझं मी बघते."

टाळ्या झाल्या. चिठ्ठ्या गोळा करणाऱ्या तरुणाने "ग्रँड, ग्रँड" म्हणत गुलाबी चिठ्ठीवर लिहिलं, 'बालसंगोपन: आव्हान'. इथे ग्रँड म्हणजे ठीक आहे, कळलं, चालेल, आणि आता उठा, हे सगळं. मी एकतीस वर्षं अशीच टिपणं लिहिली होती, मला त्या तरुणाचा राग यायला नको होता. पण आला.

तरी खोटं लिहिणार नाही, त्या बैठकीतून एक गोष्ट निघाली. दोन महिन्यांनी एक छोटी प्रायोगिक योजना जाहीर झाली. एकटीने मुलं वाढवणारी आफ्रिकी किंवा इतर स्थलांतरित आई कोर्सला बसली तर वर्षभर पाळणाघर मोफत, आणि तेही साडेसातपासून. मोजक्याच जागा, अर्जाला तीन आठवड्यांची मुदत. बाई कागद हातात फडकावत सभागृहात आली. "ममा, त्यांनी ऐकलं! खरंच ऐकलं!" शिक्षिकेने तिला मिठी मारली. कॉलेजने तिची जागा सप्टेंबरपर्यंत धरून ठेवली होती. अर्ज मीच भरायचा, असं ठरलं. "हा चुकायला नको," ती म्हणाली, "म्हणून तुम्ही."

त्या शनिवारी आपल्या घरी जेवण होतं. मामाच्या ऑफिसातली तीनचार मराठी कुटुंबं आली होती, पुण्याची आणि नागपूरची, आणि एक मुलगा डब्लिनजवळच्या सँडीफोर्डहून मुद्दाम गाडी हाकत आला होता. सगळी सज्जन मुलं, वाकून नमस्कार करणारी. मी पुरणपोळ्या केल्या होत्या. मी गुरुवारी कुठे जाते ते मामी सहज बोलून गेली.

सँडीफोर्डचा म्हणाला, "काकू, तुम्ही त्या लोकांत कशाला जाता? सेफ नाही ते."

मी म्हटलं, "चर्चचं सभागृह आहे रे. सगळ्यात धोकादायक तिथला चहा."

सगळे हसले. मग दुसरा म्हणाला, "नाही काकू, सिरियसली. आपण टॅक्स भरतो आणि ते बसून खातात. सिस्टिम त्यांना बरोब्बर कळलीये."

"आणि नवरे कुठे असतात त्यांच्यात?" सँडीफोर्डचा पोळीवर तूप घेत म्हणाला. "पोरं यांची, पैसे सरकारचे. आपल्याकडे असं असतं का?"

मला बोलायला हवं होतं. ती बाई पण टॅक्स भरते, दिवसभर राबून म्हातारी माणसं पुसून काढते, एवढं तरी म्हणायला हवं होतं. मामा माझ्याकडे बघत होता, त्यातला एकजण त्याचा वरिष्ठ होता. मी म्हटलं, "अजून एकेक पोळी घ्या." त्यांनी आग्रह न करता घेतली आणि तोंड भरून स्तुती केली.

पण ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. नवरे कुठे असतात त्यांच्यात. आणि तुम्हाला हे सांगायला मला लाज वाटते की त्या वाक्याला माझं उत्तर 'असं बोलू नये' हे नव्हतं. माझं उत्तर होतं, 'ही तशी नाही.'

गुरुवारी ती अर्ज घेऊन बसली. पहिली तीन पानं मी माझ्या नेहमीच्या पद्धतीने भरली, एकेक ओळ वाचून. चौथ्या पानावर पती किंवा जोडीदाराचं नाव होतं आणि खाली त्याचा पत्ता.

"ते सोडा," ती म्हणाली.

"तुझं लग्न झालेलं आहे ना?"

"झालेलं आहे, ममा, पण..."

"घटस्फोट झालेला नाही ना?"

"नाही."

"मग नाव लिहायला हवं. हा रकाना रिकामा दिसला की समोरचा माणूस काय समजतो ते मला विचार. मी त्या खुर्चीत बसलेली आहे."

तिने नाव सांगितलं. मी माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं.

"आणि पत्ता?"

"मला माहीत नाही तो कुठे आहे ते."

"पण शेवटचा पत्ता? तो होता तेव्हा तुम्ही कुठे राहत होतात?"

"याच घरात."

मी लिहिलं, 'वरीलप्रमाणे'. अर्थात इंग्रजीत. मला त्यात क्षणभरही अडखळल्यासारखं झालं नाही. आयुष्यभर मी हा शब्द बायकांच्या अर्जात नवऱ्याच्या पत्त्यापुढे पाहिला होता. बाईचा पत्ता आणि नवऱ्याचा पत्ता वेगळा असला तर आमच्या खात्यात चौकशी लागायची.

तिने वाचलं. भुवया किंचित जुळल्या. "ममा, हे बरोबर आहे का?"

"पूर्ण आहे," मी म्हटलं.

पलीकडच्या टेबलावरून शिक्षिकेने विचारलं, "झालं का गं?" ती दोन पावलांवर होती. मी तिला अर्ज दाखवला असता तर तिने त्याच क्षणी ती ओळ खोडायला लावली असती. पण पाच मिनिटांत अर्ज उरकणाऱ्या बाईला मी काय दाखवणार? आणि जी समोर बसली होती तिने मोठ्या माणसाचा शब्द मोडायचा नाही म्हणून पेन उचललं. ते वळण तिच्या घरचं, हे वळण माझ्या खात्यातलं. दोन्ही मिळून खाली सही झाली. मी नेहमीप्रमाणे एक प्रत काढून माझ्या फाइलला लावली.

पाच आठवड्यांनी उत्तर आलं. ती पत्र घेऊन थेट आपल्या घरी आली, प्रथमच. मी तिला आत बोलावलं, चहा ठेवला. पत्रात लिहिलं होतं की अर्जावरून घरात दोन पालक राहतात असं दिसतं, त्यामुळे या योजनेत त्या बसत नाहीत. दोन पालकांच्या घरांसाठी वेगळी सवलत आहे, तिच्यासाठी पतीच्या उत्पन्नाचा दाखला जोडून अर्ज करावा. शेवटी शुभेच्छा होत्या.

मला अजूनही कळलं नव्हतं. खरंच नव्हतं. "यांनी नीट वाचलेलं नाही," मी म्हणत होते. "अर्ज पूर्ण होता." तेवढ्यात मामी कामावरून आली. तिने कोट न काढताच पत्र वाचलं आणि माझ्या फाइलमधली प्रत मागितली.

"आई, नवऱ्याचं नाव का लिहिलंत?"

"लिहायला नको? लग्न झालंय तिचं."

"तो राहतो का तिथे?"

"नाही, पण..."

"मग 'वरीलप्रमाणे' का?"

चहा उतू गेला. मामीने गॅस बंद केला आणि कपाटातून, ज्याला इथे सगळे प्रेस म्हणतात, फडकं काढून पुसायला लागली. आम्ही दोघी मराठीत बोललो तरी पाहुणीला काय चाललंय ते समजलं असावं. ती माझ्याकडे बघत नव्हती, भिंतीवरच्या तुमच्या फोटोकडे बघत होती, तुम्ही दोघं आणि फेट्यातले तुमचे आजोबा.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर योजनेच्या कार्यालयात गेले. चूक माझी, मी लेखी देते, दुरुस्ती करून घ्या, एवढं सांगायचं होतं. वाटेत मी वाक्यं जुळवत होते. खिडकीपाशी तिशीतली एक गोड मुलगी होती.

"तुम्ही नात्यातल्या का?" तिने मला विचारलं.

"नाही. अर्ज मी भरला होता."

"मग मला तुमच्याशी याबद्दल बोलता येणार नाही. खासगी माहितीचा नियम आहे. तुम्ही बाहेर बसता का जरा? ग्रँड."

मी बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले. आमच्या खात्याच्या व्हरांड्यात लाकडी बाकं होती. तिथे मी कधी बसले नव्हते. समोर भिंतीवर आफ्रिकी मुलांची हसरी चित्रं लावलेली होती. दहा मिनिटांत ती बाहेर आली.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, मुदतीनंतर दुरुस्ती घेत नाहीत. फेरविचाराचा अर्ज करता येतो." ती चालता चालता बोलत होती. "पण त्यात लिहावं लागेल की पहिली माहिती खरी नव्हती. आणि पहिल्या माहितीखाली सही माझी आहे. मग तिला खोटी माहिती दिली अशी नोंद करावी लागेल. ती म्हणाली, करू का नोंद?"

"तू काय म्हणालीस?"

"माझा नागरिकत्वाचा अर्ज गेलाय, ममा. तिथे चारित्र्य बघतात."

"मी वरच्या अधिकाऱ्याला लिहिते. माझ्या नावाने, माझ्या सहीने. माझी चूक, तुझा संबंध नाही."

ती थांबली. "कुणाला लिहिणार? ते तुमच्याशी बोलत नाहीत. आणि तुम्ही लिहिलंत की फाइल उघडेल. तुमच्या नावाची नाही, माझ्या नावाची. आत्ता ती नाहीये. राहू द्या."

फाइल म्हणजे काय ते मला समजावून सांगायची वेळ तिच्यावर आली होती.

एवढं झाल्यावरही तिने मला गाडीतून घरी सोडलं. मागच्या सीटवर मुलांच्या खुर्च्या, खाली बिस्किटांचा चुरा, आणि काचेजवळ कॉलेजचं जागा धरून ठेवल्याचं पत्र, उन्हाने पिवळं पडायला लागलेलं. मी तिची क्षमा मागितली. आयुष्यात मी फार थोड्या लोकांची क्षमा मागितली आहे, तुमच्या आजोबांचीही नाही. मी तिला शनिवारच्या जेवणातलं ते वाक्यही सांगितलं. सांगितलं की मला ते खोटं पाडायचं होतं.

सिग्नलला गाडी थांबल्यावर ती म्हणाली, "म्हणजे मी त्यांच्यासमोर चांगली दिसायला हवी होते."

मी मान डोलावली.

"ममा, मी नऊ वर्षं चांगलीच दिसतेय. कामावर, शाळेत, चर्चमध्ये, दुकानात, मुलाच्या डॉक्टरसमोर. चांगली दिसून दिसून दमले. त्या कागदावर पहिल्यांदा मला चांगलं दिसायची गरज नव्हती. तिथे फक्त एकटी असायला हवं होतं."

हिरवा दिवा लागला. तिने मला दारात सोडलं, "काळजी घ्या" म्हणाली, आणि गाडी वळवली.

सप्टेंबर आला. कॉलेजने जागा दुसऱ्या कुणाला दिली. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता आला असता, आणि मी त्याचीच वाट पाहत होते. मनातल्या मनात मी ते चौथं पान शंभरदा कोरं सोडलं. पण योजना पुन्हा निघालीच नाही. प्रायोगिक होती, प्रयोग संपला. त्यावर छान कागदाची एक पुस्तिका निघाली आणि सभागृहात तिचा गठ्ठा आला. आत लिहिलं होतं की प्रयोग यशस्वी झाला आणि त्यातून बरंच शिकायला मिळालं. कुणाला, ते लिहिलेलं नव्हतं. मुखपृष्ठावर बैठकीतला फोटो होता: ती उभी राहून बोलते आहे, तोंड अर्धवट उघडं, बाजूला मी, साडीवर चिकटपट्टी. ती काय बोलत होती ते आत कुठेही नाही. मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं, एकेक ओळ, माझ्या पद्धतीने.

ही पुस्तिका तुला निबंधाला हवी असेल तर पाठवते. दिसायला फार चांगली आहे. आणि शनिवारी जेवायला येतात ती मुलं अजून येतात. परवा सँडीफोर्डचा म्हणाला, "काकू, सोडलं ना ते गुरुवारचं?" मी म्हटलं, "नाही सोडलं. तुझ्या त्या वाक्यामुळे एका बाईचं वर्ष गेलं." तो म्हणाला, "कुठलं वाक्य, काकू?" आणि खरंच त्याला आठवत नव्हतं. मला त्याचा राग आला नाही. बोलला तो होता, पण लिहिलं मी होतं.

गुरुवारी मी अजून जाते. आता कुणी बसलं की आधी विचारते, यातलं तुला काय सांगायचं नाही? लोक चमकून बघतात. माझी रांग आणखी हळू झाली आहे.

ती मधे बरेच महिने आली नाही. परवाच्या गुरुवारी आली, तोच इस्त्रीचा सदरा. मुलांच्या शाळेच्या पुस्तकांना मदत मिळते, त्याचा अर्ज होता. माझ्यापुढे कुणीच नव्हतं. तिने मला मान लववून नमस्कार केला, "गुड मॉर्निंग, ममा," आणि शिक्षिकेच्या टेबलासमोर जाऊन बसली. शिक्षिका नेहमीसारखी गुडघ्यांबद्दल बोलत भराभर लिहीत होती. मी माझ्या समोरचे कागद सरळ करत होते. ते सरळच होते.

"नवऱ्याचं काय, सोडून देऊ?" शिक्षिकेने विचारलं.

"नको," ती म्हणाली. "मागच्या अर्जात लिहिलंय. तिकडे एक आणि इकडे एक नको दिसायला." तिने नाव सांगितलं.

"आणि राहतो कुठे?"

माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "वरीलप्रमाणे."